तंबूतले श्वापद : कबनूर परिसरातील हिंस्र प्राणिपटांचा पूर्वेतिहास

ज्या भयपटात माणसाच्या जिवावर उठलेला प्राणी हेच मुख्य पात्र असते, मग तो शार्क असो, नाग असो, मगर असो की आकाराने अवाढव्य झालेला कोळी असो, आणि ज्याचे सगळे कथानक त्या प्राण्याच्या एकामागून एक होणाऱ्या हल्ल्यांवर उभे असते, त्याला हिंस्र प्राणिपट म्हणता येईल. या प्रकारातील बहुसंख्य चित्रपट तुटपुंज्या भांडवलावर काढलेले असतात. त्यांतील प्राणी रबराचा किंवा लाकडी सांगाड्यावर चढवलेल्या कातड्याचा आहे हे पाहणाऱ्याला कळते, तरीही पाहणारा उठून जात नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरसारख्या यंत्रमागाच्या गावात अशा चित्रपटांना प्रेक्षक कसा लाभला, याचे उत्तर बहुधा स्वस्त करमणूक आणि अर्धशिक्षित अभिरुची या दोन शब्दांत उरकले जाते. हे उत्तर अपुरे आहे आणि या टापूवर अन्याय करणारेही आहे. पडद्यावर अमेरिकन शार्क अवतरण्याच्या सुमारे 95 वर्षे आधीपासून पंचगंगा आणि कृष्णा या नद्यांच्या दुआबात पैसे मोजून, तंबूत दाटीवाटीने बसून, हिंस्र प्राण्याचे भय सुरक्षित अंतरावरून अनुभवण्याची रीत रुजलेली होती, आणि पुढे आलेले प्राणिपट त्या रिवाजाच्या वाटेनेच गावात शिरले.

या रिवाजाचा उगम कबनूरपासून फार दूर नाही. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हे एके काळी पटवर्धन घराण्याच्या एका शाखेचे संस्थान होते आणि तेथे विष्णुपंत छत्रे हे अश्वविद्येत निष्णात असलेले गृहस्थ संस्थानिकांच्या पदरी होते. त्यांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचा. मुंबईत आलेल्या ज्युसेप्पे कियारिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ कुरुंदवाडच्या बाळासाहेब पटवर्धनांसोबत त्यांनी पाहिले, आणि तसे खेळ येथील माणसेही करू शकतात या ईर्ष्येने त्यांनी स्वतःची सर्कस उभी करून 20 मार्च 1880 रोजी तिचा पहिला प्रयोग केला, असे भारतीय सर्कशीच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे म्हैसाळचे देवल आणि सांगली-तासगाव भागातील इतर अनेक मंडळी या व्यवसायात उतरली, आणि दक्षिण महाराष्ट्राचा हा लहानसा तुकडा काही दशके देशाच्या सर्कस-व्यवसायाचे माहेर बनला. छत्र्यांच्या सर्कशीची आणखी एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक रहिमतखाँ त्यांच्या आश्रयाला होते आणि सर्कशीच्या दौऱ्यांत त्यांच्यासोबत फिरत असत. वाघसिंहांचे पिंजरे आणि रहिमतखाँचा स्वर एकाच तळावर नांदत होते, आणि कलांची उच्च व नीच अशी प्रतवारी लावण्याची घाई त्या काळच्या रसिकाला नव्हती, हे त्यावरून स्पष्ट होते.

सर्कशीच्या तंबूने या भागातील प्रेक्षकाला एक विशिष्ट प्रकारचे पाहणे शिकवले. वाघ पिंजऱ्यातून रिंगणात येतो तेव्हा तो शिकवलेला आहे, त्याचा शिक्षक चाबूक घेऊन उभा आहे आणि भोवती लोखंडी जाळी आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. तरीही त्या सगळ्या बंदोबस्तातून एखादा क्षण निसटेल की काय या शंकेने श्वास अडकतो. बनावट माहीत असूनही भय खरे असणे, हे हिंस्र प्राणिपटाच्या आस्वादाचे जे मर्म आहे, ते येथे चित्रपटाच्या जन्माआधीच मुरलेले होते. चित्रपटाचा आरंभही त्यापासून दूर नव्हता. सावेदादा या नावाने ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी 1899 मध्ये मुंबईत जी पहिली दृश्ये चित्रित केली, त्यांत एक कुस्ती होती आणि दुसऱ्यात माकडे शिकवणारा माणूस व त्याची माकडे होती. म्हणजे कॅमेरा मराठी माणसाच्या हाती आला तेव्हा त्याने प्रथम जे टिपले ते आखाडा आणि जनावरांचा खेळ, आणि कोल्हापूरच्या प्रेक्षकाची हीच दोन जुनी प्रेमस्थाने होती.

कोल्हापूर शहरात या प्रेमाला राजाश्रय होता. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात साठमारी होत असे. साठमारी म्हणजे मस्तीत आलेल्या हत्तीला भिंतींनी वेढलेल्या मैदानात सोडून चपळ माणसांनी त्याला डिवचणे, तो अंगावर धावून आला की बुरुजाआड किंवा भिंतीतल्या अरुंद फटीत शिरणे आणि पुन्हा बाहेर येऊन हुलकावणी देणे. या खेळाच्या जागेचे नाव कोल्हापुरात आजही टिकून आहे. दुसरा प्रकार चित्त्यांकडून करवलेल्या काळवीटांच्या शिकारीचा. भारतातील चित्ते दुर्मीळ होत गेल्यावर ज्या थोड्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले त्यांत भावनगरबरोबर कोल्हापूर होते, आणि त्यांना शिकवणारे चित्तेबाज हा येथील एक प्रतिष्ठेचा पेशा होता. हिंस्र जनावर ही जंगलातच दिसणारी गोष्ट नसून शिकवले, मिरवले आणि पाहिले जाणारे वैभव आहे, अशी धारणा ज्या नगरीत मुरली, त्याच नगरीत मराठी चित्रपटाने बाळसे धरले.

पडद्यावरच्या जनावराची मराठी परंपरा मात्र नाशिकला सुरू झाली. दादासाहेब फाळके यांच्या 1919 च्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटात त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती आणि यमुनेच्या डोहात तिचे कालियाशी झुंजणे दाखवण्यासाठी फाळक्यांनी प्रचंड आकाराचा नकली नाग बनवला होता. आजच्या डोळ्यांना त्या नागाची वळवळ बेतलेली दिसते. परंतु एकटे मूल, अंधारे पाणी आणि त्यातून वर येणारे विषारी धूड ही मांडणी पुढच्या शतकभराच्या प्राणिपटांनी पुन्हा पुन्हा वापरली. एक फरक मात्र मोलाचा आहे. कालियाला कृष्ण ठार मारत नाही. तो त्याला नमवून डोहाबाहेर घालवतो. जनावराला त्याची जागा दाखवून माणसाची जागा परत मिळवणे हा न्याय या कथेत आहे, आणि त्याचा मागोवा पुढे घ्यावा लागेल.

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ प्रदर्शित केला, तेव्हा कीचकाचे मस्तक धडावेगळे होते ते दृश्य इतके खरे उतरले की प्रेक्षक हादरले आणि ते कापण्याची पाळी आली. येथे प्राणी नाही, पण प्राणिपटाला लागणारी सगळी हत्यारे आहेत : मातीकाम, लाकूडकाम, रंग, साचे आणि ते कॅमेऱ्यापुढे नेमक्या कोनात मांडण्याची हुशारी. बाबूराव मूळचे मिस्त्री घराण्यातले. त्यांनी कॅमेराही आपल्या साथीदारांच्या मदतीने स्वतः जुळवला होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि ती 1933 मध्ये पुण्याला जाण्याआधी कोल्हापुरातच ‘माया मच्छिंद्र’ हा 1932 चा बोलपट काढला. त्यात राणीच्या भूमिकेतील दुर्गा खोटे यांच्याजवळ चित्ता वावरताना दिसतो. चित्तेबाजांच्या गावातील प्रेक्षकाला त्या जनावराची चाल ओळखीची होती. राणीच्या दिमाखाचे परिमाण म्हणून दिग्दर्शकाने तो वापरला तेव्हा त्याचा अर्थ उलगडून सांगावा लागला नसावा.

प्रभात गेल्यावरही कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन आणि पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ यांमुळे या जिल्ह्यात चित्रपट हा कारखान्यासारखा चालू राहिला. सुतार, गवंडी, रंगारी, शिंपी, रंगभूषाकार, घोडेस्वार, लाठीकाठी खेळणारे, गर्दीत उभे राहणारे अशी शेकडो माणसे त्यावर जगली आणि चित्रीकरणातल्या क्लृप्त्यांची माहिती त्यांच्या घरांतून, तालमींतून, चहाच्या टपऱ्यांवरून खेड्यापाड्यांत झिरपली. भिंत प्लॅस्टरची असते, रक्त रंगाचे असते आणि उंच कड्यावरून पडतो तो पुतळा असतो, हे कोल्हापूर भागातील सामान्य प्रेक्षकाला इतर ठिकाणच्या प्रेक्षकापेक्षा बरेच आधी कळलेले होते. अशा प्रेक्षकाला रबरी मगर फसवत नाही. ती कशी केली असेल याचा तो विचार करतो, आणि हा विचार त्याच्या आनंदाचाच भाग असतो.

चित्रपट गावात पोहोचवण्याचे काम टुरिंग टॉकीजने केले. टुरिंग टॉकीज म्हणजे ट्रकवर लादलेले फिरते चित्रपटगृह : कापडी तंबू, बांबू, पडदा, प्रक्षेपक, जनरेटर, कर्णे आणि चित्रपटाच्या रिळांच्या पत्र्याच्या पेट्या. दिवाळी उलटली, पाऊसपाणी संपून वाटा कोरड्या झाल्या की हा लवाजमा बाहेर पडे आणि मृगाच्या आधी परत फिरे, कारण त्याचे सगळे गणित यात्रा, उरूस आणि आठवडी बाजार यांच्या पंचांगावर बसवलेले असे. कबनूरच्या उरुसाप्रमाणे या पट्ट्यातील प्रत्येक मोठ्या जत्रेत कुस्त्यांचे मैदान, बैलगाड्यांच्या शर्यती, पाळणे, तमाशाचा फड आणि सिनेमाचा तंबू एकमेकांच्या शेजारी उभे राहत. तंबूला रीतसर परवाना लागे; महाराष्ट्र चित्रपटगृहे (विनियमन) नियम, 1966 मध्ये स्थायी चित्रपटगृहांबरोबर फिरत्या चित्रपटगृहांचीही नोंद आहे, कारण कापडी तंबू, कार्बनच्या कांड्यांची ठिणगी आणि शेकडो माणसे एकत्र आली की आगीचा धोका असतो. आत खुर्च्या नसत. प्रेक्षक जमिनीवर, सतरंजीवर किंवा घरून आणलेल्या पोत्यावर बसत, बायका एका अंगाला आणि पुरुष दुसऱ्या अंगाला. पुष्कळ तंबूंत प्रक्षेपक एकच असल्याने रीळ संपले की पडदा पांढरा होई आणि दुसरे चढेपर्यंत काही मिनिटे बोलण्यात जात.

या खंडाचा भयपटावर होणारा परिणाम शहरातील वातानुकूलित चित्रपटगृहात बसून समजणार नाही. नाग बिळातून अर्धा बाहेर आलेला असताना रीळ संपले, तर पुढे काय होणार याची चर्चा तंबूभर पसरे. एखादा आधी पाहिलेला प्रेक्षक फोडून सांगे आणि दुसरे त्याला गप्प करीत. किंकाळी पडद्यावर जितकी असे, तितकीच तंबूत असे. घाबरलेल्या माणसाला शेजारचा धीर देई, आणि भय आटोपल्यावर येणारे हसू सगळ्यांचे एकदमच येई. एकट्याने पाहिल्यास फिका वाटणारा चित्रपट हजार माणसांत रंगतो, याचे कारण भय ही तेथे वाटून घ्यायची गोष्ट होते. तंबूला मिळणाऱ्या प्रती बहुधा जुन्या असत, शहरातील पडद्यांवरून फिरून ओरखडलेल्या आणि जागोजागी तुटून जोडलेल्या, आणि म्हणूनच भाड्याने परवडणाऱ्या. नवा सामाजिक चित्रपट जुना झाला की त्याची हवा जाते. धावून येणारे जनावर जुने होत नाही. स्वस्त प्राणिपट आणि तंबू यांचे सूत जमण्यामागे हा साधा व्यापारी हिशेब होता.

जगात हा प्रकार ज्या वाटेने फोफावला तीही पैशाचीच वाट होती. ‘किंग काँग’ (1933) मध्ये विलिस ओब्रायन यांनी लहानशी बाहुली कणाकणाने हलवून तिची एकेक चौकट टिपली. ते काम अतिशय वेळखाऊ आणि खर्चिक होते. 1954 मध्ये अमेरिकेत अणुचाचण्यांमुळे प्रचंड झालेल्या मुंग्यांचा ‘देम’ आला, त्याच वर्षी जपानमध्ये ‘गॉडझिला’ आला, ज्यात प्राण्याच्या पोशाखात माणूस होता, आणि लहान निर्मात्यांना मार्ग सापडला. रॉजर कॉर्मन यांच्यासारख्यांनी मोजक्या दिवसांत, मोजक्या पैशात महाकाय खेकड्यांचे चित्रपट काढले. ‘द किलर श्रूज’ (1959) मध्ये चिचुंद्रीसारख्या प्राण्यांचा नरभक्षक कळप दाखवायचा होता, तर निर्मात्यांनी शिकारी कुत्र्यांना केसाळ झुली आणि नकली सुळे चढवले; कुत्रे धावत येतात तेव्हा त्यांची शेपटी कुत्र्याचीच हलते. एड वुड यांच्या ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’ (1955) मधील अष्टपादाला हलवणारे यंत्रच नव्हते, म्हणून त्याच्या विळख्यात सापडलेल्या नटाला त्या रबरी भुजा स्वतःच अंगाभोवती ओढून झटापट करावी लागली. हा नट निर्जीव रबराला स्वतःच्या अंगाने जीव देतो, आणि प्रेक्षक त्याच्या धडपडीवर विश्वास ठेवायचे ठरवतो. असा करार नाटकात नेहमीच असतो. सोंगाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला तो नवा नव्हता.

1975 च्या ‘जॉज’ने या प्रकाराला प्रतिष्ठा आणि प्रचंड पैसा दिला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडत असे, त्यामुळे चित्रपटाचा बराच भाग शार्क न दाखवता, पाण्याची हालचाल आणि संगीत यांवर तोलून धरावा लागला आणि तेच त्याचे सामर्थ्य ठरले. त्याच्या यशानंतर अस्वल, पिरान्हा मासे, मगरी, कोळी, मधमाश्या यांच्या चित्रपटांची रांग लागली. हिंदीत त्याचा प्रतिध्वनी उशिरा उमटला. धर्मेंद्र, हेमामालिनी, विनोद मेहरा आणि अमजद खान यांचा ‘आतंक’ हा कोळीवस्तीवर हल्ले करणाऱ्या शार्कचा चित्रपट इतकी वर्षे रखडला की 1996 मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा त्यातील विनोद मेहरा आणि अमजद खान हयात नव्हते. त्याआधी 1966 मध्ये ‘गोगोला’ नावाचा समुद्रातून आलेल्या राक्षसी प्राण्याचा हिंदी चित्रपट येऊन गेला होता, ज्याची प्रेरणा जपानी होती हे नावावरूनच उघड आहे.

या देशी प्रयत्नांपेक्षा जे खरोखर चालले ते वेगळ्या जातीचे होते. राजकुमार कोहली यांचा ‘नागिन’ (1976) भल्यामोठ्या नटसंचामुळे स्वस्त म्हणता येणार नाही, पण त्याच्या यशाने पुढे असंख्य कमी खर्चाच्या नागपटांना वाट करून दिली. त्यातील इच्छाधारी नागीण, म्हणजे हवे ते रूप घेऊ शकणारी नागीण, आपल्या जोडीदाराला मारणाऱ्यांना एकेक करून संपवते. महेश भट्ट यांच्या ‘जुनून’ (1992) मध्ये शापामुळे पौर्णिमेला वाघ होणारा माणूस आहे. अमेरिकन प्राणिपटात प्राणी मारतो तेव्हा त्याचे मूळ बहुधा विज्ञानाच्या चुकीत, विषारी सांडपाण्यात किंवा निव्वळ भुकेत असते, आणि चित्रपटाचा शेवट त्याला स्फोटकांनी उडवून होतो. भारतीय चित्रपटात प्राण्याच्या हल्ल्यामागे बहुधा कोणाचा तरी अपराध असतो. मोडलेले जोडपे, भंगलेला शब्द, दुखावलेले दैवत यांची वसुली करायला तो आलेला असतो, आणि प्रेक्षकाची सहानुभूती अर्धीअधिक त्याच्याच बाजूला असते. सीमेवर वाघोबाची स्थापना करणाऱ्या, नागपंचमीला नागाला भाऊ मानणाऱ्या, बैलाला पोळी भरवणाऱ्या समाजात जनावर निव्वळ खलनायक होऊ शकत नाही. कालियाच्या कथेतला तो जुना न्याय येथे पुन्हा भेटतो. आयात केलेल्या शार्कपटाच्या अनुकरणाला हे अधिष्ठान नव्हते, आणि ‘आतंक’ फिका पडण्याचे एक कारण हेही असावे.

इंग्रजी प्राणिपट खेड्यात खऱ्या अर्थाने पोहोचले ते भाषा बदलल्यावर. तोवर ‘इंग्लिश पिक्चर’ म्हणजे संवाद न कळता पाहायची गोष्ट होती, आणि मारामारी व जनावरे यांना भाषा लागत नाही हेच त्यांचे भांडवल होते. 1994 मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीत ध्वनिमुद्रित होऊन आला आणि लहान शहरांतून त्याला मिळालेल्या प्रतिसादाने वितरकांचे डोळे उघडले. ‘ॲनाकोंडा’ (1997) आणि त्यामागून आलेले साप, मगरी, शार्क, वटवाघळे यांचे चित्रपट हिंदीत बोलू लागले, प्रथम पडद्यावर आणि मग केबलच्या वाहिन्यांवर. कबनूर-इचलकरंजी पट्ट्याला हिंदीचे हे माध्यम विशेष सोयीचे होते. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून वाढत गेलेल्या या धंद्याने कबनूरसारखी भोवतालची गावे आपल्यात ओढून घेतली, आणि कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले कामगार मराठी कामगारांच्या शेजारी उभे राहिले. कांडी भरणारा, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, सायझिंगमध्ये सुताला खळ देणारा आणि वहिफणी करणारा, म्हणजे ताण्याचे एकेक सूत वयीच्या डोळ्यांतून व फणीतून ओवणारा, अशा नाना गावच्या माणसांना एकत्र बसून पाहता येईल असा चित्रपट फार बोलका असून चालत नसे.

यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज इतका असतो की शेजारच्या माणसाशी खुणेने बोलावे लागते; रात्रपाळी आणि दिवसपाळी अदलाबदल होत राहते, मजुरी विणलेल्या कापडावर ठरते आणि एका कामगाराला अनेक मागांवर एकदम नजर ठेवावी लागते. सूत तुटले की तो ते क्षणात हेरतो, धोटा अडकण्याआधी त्याच्या आवाजातला बदल त्याला जाणवतो. दोष हेरण्यात तयार झालेली ही नजर पडद्यापुढे आली की चित्रपटातले जोड तिच्यापासून लपत नाहीत : मगरीचे चित्र एका नदीचे आणि पोहणाऱ्या माणसाचे दुसऱ्याच नदीचे आहे, वाघाची झेप तीनदा तीच वापरली आहे, साप काचेपलीकडे आहे. संकलन, म्हणजे वेगवेगळ्या वेळी टिपलेले तुकडे सलग भासतील असे जोडणे, ही कला महागड्या चित्रपटात अदृश्य राहते आणि स्वस्त चित्रपटात उघडी पडते. या उघडेपणालाच लोक हसतात असे वरवर दिसते, पण त्या हसण्यात तुच्छता फारशी नसते. अपुऱ्या साहित्यात काम तडीस नेणाऱ्या कारागिराबद्दल दुसऱ्या कारागिराला वाटणारा आपलेपणा त्यात असतो, आणि या प्रकाराच्या विलक्षण आकर्षणाचे हे स्पष्टीकरण इतर कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा या भूमीला अधिक लागू पडते.

जाहिरातीच्या चित्रांनी या आपलेपणात भर घातली. बाबूराव पेंटर यांनी मूकपटांच्या काळातच चित्रपटाचे भित्तिचित्र ही स्वतंत्र कला मानली, आणि ‘मुघल-ए-आझम’च्या पोस्टरांनी नाव कमावलेले जी. कांबळे हेही कोल्हापूरचेच. या परंपरेतून आलेल्या रंगाऱ्यांच्या कापडी फलकावर जनावराला पैशाची मर्यादा नव्हती. चित्रपटात जो साप दोन हात लांब असे तो फलकावर नायिकेला वेढून वर आभाळापर्यंत जाई. तिकीट काढणारा माणूस अर्धा चित्रपट त्या फलकावरच पाहून घेत असे, आणि आतल्या जनावराचा तोकडेपणा तो बाहेरच्या चित्राने भरून काढी.

या चित्रपटांनी केलेले नुकसान मात्र झाकून चालणार नाही. नागीण मारणाऱ्याची प्रतिमा डोळ्यांत साठवते, बदला घेते, दूध पिते, पुंगीवर डोलते या समजुतींना पडद्याने पुराव्याचे रूप दिले. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सरासरी दरवर्षी सुमारे 58 हजार माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. साप चावल्यावर दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे जाण्यात जी मोलाची मिनिटे जातात, त्यांत नागपटांचा काही वाटा असावा. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नागांच्या मिरवणुकीवर न्यायालयीन आदेशांनी बंधने आली, तीही जनावराविषयीचे प्रेम आणि त्याचे हाल यांतली रेषा पुसट झाल्यामुळे. ‘जॉज’ची मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली यांना शार्कच्या कत्तलीला आपल्या कथेने हातभार लावल्याचे शल्य राहिले आणि त्यांनी उत्तरायुष्य शार्कच्या संरक्षणासाठी वेचले. नागपटांच्या हिंदी-मराठी लेखकांपैकी कोणी असे जाहीर प्रायश्चित्त घेतल्याचे उदाहरण असते, तर ते अनुकरणीय ठरले असते.

कायद्याने पुढे या खेळाचे स्वरूपच बदलले. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये झाला. 1998 च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवण्यावर व प्रदर्शित करण्यावर बंदी घातली, ती 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली, आणि चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर आगाऊ परवानगी घेणे आवश्यक झाले. ही बंदी न्याय्य होती, कारण सर्कशीच्या आणि चित्रपटाच्या वाघाने सोसलेल्या हालांची नोंद कोणत्याही जाहिरातीत नव्हती. तिच्यामुळे छत्र्यांपासून चालत आलेली सर्कस तिच्या मुख्य आकर्षणाला मुकली, आणि चित्रपटातील जनावर संगणकावर तयार होऊ लागले. स्वस्त संगणकीय शार्क, ज्याची परमावधी वावटळीतून शार्क उडवणाऱ्या ‘शार्कनेडो’ने (2013) गाठली, रबरी शार्कपेक्षाही अधिक कृत्रिम दिसतो; परंतु त्याची कृत्रिमता हाताची नाही, त्यामुळे त्याच्याकडे पाहताना कारागिराला कारागीर भेटत नाही. तोटा झाला असेल तर तो एवढाच, आणि तो जनावरांच्या सुटकेपुढे मोठा नाही.

तंबूही याच सुमारास मिटत गेले. प्रथम व्हिडिओ, मग केबल, मग हातातला फोन आला. रिळांच्या प्रती निघेनाशा झाल्या आणि डिजिटल प्रक्षेपकाचा खर्च फिरत्या मालकाला झेपेना. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (2016) या माहितीपटात महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांची अखेरची वर्षे टिपली गेली, हे भाग्यच म्हटले पाहिजे. दरम्यान ज्या जनावरांची सोंगे पडद्यावर येत होती ती खरोखर जवळ आली आहेत. दाजीपूर-राधानगरीचे अभयारण्य 1958 मध्ये ज्यांच्यासाठी राखले गेले ते गवे रान सोडून शेतशिवारात उतरतात, सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मगरींचा वावर आहे, उसात बिबट्याची पिल्ले सापडतात, आणि त्यांची मोबाइलवर टिपलेली अस्पष्ट दृश्ये गावोगाव फिरतात. या दृश्यांत कथा नसते, अपराध नसतो, न्यायही नसतो. भेदरलेले जनावर आणि त्याच्याभोवती आरडाओरडा करणारा जमाव एवढेच असते. वनखात्याचे कर्मचारी गर्दीला मागे हटवण्यात जितका वेळ घालवतात तितका प्राण्याला वाट करून देण्यात त्यांना मिळत नाही.

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना 1964 मध्ये झाली आणि फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ तेथे जतन होऊ शकला, म्हणून मराठी पडद्यावरचा तो पहिला मोठा नाग आजही पाहता येतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी फारच थोडे उरले आहेत. त्यानंतरच्या स्वस्त प्राणिपटांकडे तर जपण्याजोगी वस्तू म्हणून कोणी पाहिलेच नाही. जत्रेतील तंबूंचे परवाने, रोजच्या खेळांच्या वह्या, वितरकांशी झालेला पत्रव्यवहार, रंगाऱ्यांनी कापडावर काढलेले फलक आणि भंगारात विकल्या गेलेल्या प्रक्षेपकांचे सुटे भाग हातकणंगले, शिरोळ, मिरज या तालुक्यांतील जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून काही प्रमाणात असू शकतात. ज्यांनी हे तंबू चालवले, रिळे चढवली आणि फलक रंगवले ती पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि कोणत्या वर्षी कोणत्या उरुसात कोणते जनावर किती खेळ चालले हे त्यांना विचारून लिहून घेण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना आजही करता येण्यासारखे आहे.